थंड चुलीपुढची परीक्षा

माणसाचा स्वभाव ओळखण्याचं शास्त्र असतं हे मला नॉर्मल स्कूलमध्ये मास्तरकी शिकताना कळलं, आणि तेव्हापासून मला कोणाचाही स्वभाव ओळखता येईनासा झाला. त्याआधी बरं चाललं होतं. शेजारचा म्हातारा तिरसट, बायको समजूतदार, मी आळशी, एवढ्यावर आमचा संसार निभत होता. मग एका मास्तरांनी फळ्यावर उभी रेघ मारून सांगितलं की माणसं दोन प्रकारची, अंतर्मुख आणि बहिर्मुख. झालं. पोंभुर्ण्याला मास्तर होऊन परत आलो तो घरातल्या एकेकाला त्या रेघेच्या अलीकडे नाहीतर पलीकडे बसवत सुटलो. म्हैससुद्धा सोडली नाही. ती अंतर्मुख निघाली.

थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात, तशी ती माझी बाई. ती चुलीपुढं बसली होती.

"बाई, तू अंतर्मुख आहेस," मी जाहीर केलं.

"म्हंजे का?"

"म्हणजे तुझं तोंड आत आहे."

"मंग मी जेवते कुठून?" बाई म्हणाली आणि फुंकणीनं चूल फुंकायला लागली.

हसलो आम्ही. पण त्या दिवसांत घरात हसू फार टिकत नसे. बाई नवरा गेल्यामुळं माहेरी परतलेली. तापानं गेला तो, लेकरूबाळ काही नव्हतं. पत्र्याची एक पेटी घेऊन ती आली आणि कधी गेलीच नव्हती अशी कामाला लागली. पण सासरचे तिला विसरले नव्हते. तिच्या थोरल्या दिराची बायको बाळंतपणात गेली, पोरं लहान, घरात करणारं कोणी नाही. तेव्हा बाईचा पाट त्याच्याशी लावायचा असं तिकडं परस्पर ठरलं. दिराचे केस पांढरे होते, हात फार चालायचा, आणि तो हात बाईनं आपल्या जावेवर चाललेला पाहिला होता. ती एवढंच म्हणायची, "मी नाई जात." पण आमच्या जातीत विधवेला सासरचे मागायला आले की नाही म्हणणं सोपं नव्हतं. पंच त्यांच्याच बाजूनं होते. वडील नव्हते, आई नव्हती, घरातला कर्ता पुरुष मी, म्हणजे खरं पाहता माझी बायको. आणि निरोप आला होता: माघात गाडी घेऊन येतो, पोरगी तयार ठेवा.

पन्नासचं दशक अर्ध्यावर आलं होतं. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणायचे, आणि गडचिरोली, अहेरी, सिरोंचा सगळं त्याच एका जिल्ह्यात. सरकारनं गावोगाव ग्रामसेविका नेमायचं ठरवलं होतं. बायांना बाळंतपणाचं, परसबागेचं, बिनधुराच्या चुलीचं सांगणाऱ्या. आमच्या जंगलभागासाठी शिक्षणाची अट सैल केली होती. बाई सातवी पास. निवड झाली तर होळीनंतर नागपूरकडं शिक्षणाला जायचं, मग नोकरी, राहायला सरकारी खोली. सरकारी नोकरीतल्या बाईला ओढून गाडीत घालणं दिराला जमलं नसतं.

निवड आलापल्लीला होती, पौषात. आणि ती घ्यायला नागपूरचे एक प्राध्यापक येणार होते, जे प्रश्न विचारत नाहीत, स्वभाव तपासतात, असं ऐकलं. माझ्या अंगात वारं भरलं. शास्त्र माझ्याजवळ होतं.

पोंभुर्ण्याहून गोंडपिपरीपर्यंत बैलगाडी, पुढं मोटार, आष्टीला डोंग्यातून वैनगंगा पार, आणि तिथून सागाचे ओंडके आणायला रिकामा चाललेला एक ट्रक. ट्रकमध्ये आमच्यासारखीच परीक्षेला निघालेली मंडळी बसली होती. त्यात आमचे मामा. नात्यानं लांबचे, पण जातीच्या पंचांत बसणारे, आणि दिराचे निरोप आणणारेही तेच. मामा आपल्या भाचीला घेऊन चालले होते. भाचीला नवऱ्यानं टाकली होती.

"तू कायले घेऊन चालला रे हिले?" मामांनी बाईकडं मान उडवली. "माघात तं जायचं हाय तिले."

"तुम्ही नाई का चालले भाचीले घेऊन?"

"आमच्या भाचीची गोष्ट येगळी हाय," मामा म्हणाले. कशी वेगळी ते सांगितलं नाही.

बाई पदर कानावर ओढून जंगलाकडं बघत होती. तिच्या मुठीत पदराचं टोक होतं आणि ती मूठ नदी ओलांडल्यापासून सुटली नव्हती. मला तिची भीती घालवायची होती. म्हणून मी शास्त्र काढलं. नॉर्मल स्कूलच्या मास्तरांनी सांगितलं होतं की साहेब शाईच्या डागांची चित्रं दाखवतात आणि काय दिसतं ते विचारतात. ज्याला भुतं दिसतात तो घाबरट, ज्याला रक्त दिसतं तो तापट, ज्याला काहीच दिसत नाही तो मंद.

"मंग काय दिसाले पायजे?" कोपऱ्यातल्या एका बाईनं विचारलं.

"फुलपाखरू," मी ठासून सांगितलं. "फुलपाखरू दिसलं की स्वभाव निरोगी."

ट्रकमधल्या सगळ्या बाया हळू आवाजात घोकायला लागल्या.

आलापल्लीला वनखात्याच्या लाकूडडेपोशेजारी एका शेडमध्ये परीक्षा होती. सोबत आलेल्या पुरुषांना बाहेर मोहाच्या झाडाखाली, सोललेल्या ओंडक्यांवर बसवलं. प्राध्यापक सडपातळ अंगाचे, गळ्याभोवती मफलर, आवाज मऊ. एकेका बाईला आत बोलवायचे. दार उघडं असायचं, पण ऐकू काही येत नसे. नुसतं दिसायचं: एक पुठ्ठा वर उचलला जातो, समोरची पुढं वाकते, ओठ हलतात, पुठ्ठा खाली. मामांनी तंबाखू मळली, थुंकली, परत मळली. मी ओंडक्याची साल नखानं काढत बसलो, आणि त्याला साल नव्हतीच हे बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं.

पाचवी की सहावी बाई बाहेर आल्यावर प्राध्यापक दारात आले, चष्मा काढून पुसला आणि आम्हा पुरुषांना विचारलं, "या भागात फुलपाखरं फार आहेत का?"

मी झाडावर काही पाहत असल्यासारखं केलं.

मग बाईची पाळी. मी तिला हातानं पंख हलवून दाखवले. ती आत गेली. पुठ्ठा वर झाला. ती खूप वेळ पाहत राहिली, मग काहीतरी बोलली. पुठ्ठा खाली गेला नाही. ती परत काहीतरी बोलली. प्राध्यापकांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

बाहेर आली तशी मी धावलो. "सांगितलंस ना फुलपाखरू?"

"नाई."

"मग?"

"कोणाची तरी दौत सांडली अन् कागद दुमडला, म्हटलं."

"आणि नंतर?"

"थे म्हणे, आणखी काही दिसते का? मी म्हटलं, हाव, ज्या पोट्यानं सांडली त्यानं मार खाल्ला असन."

मामा ओंडक्यावरून म्हणाले, "झालं. आता बांधा गठुडं."

मला वाटलं, मामांचं खरं आहे. बाईला कल्पनाशक्ती नाही असं लिहिलं गेलं असणार. माझ्या डोळ्यांपुढं माघातली बैलगाडी उभी राहिली. बाई मात्र टाकीवर जाऊन पाणी प्यायली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "माहीत नसलेलं सांगाले का जाते बापा. पुढं का हाय थे पाहू."

पुढं जे होतं ते माझ्या शास्त्रात नव्हतं. प्राध्यापकांनी बायांचे दोन गट केले. बाईच्या गटात पाच-सहा जणी होत्या. त्यात मामांची भाची होती आणि अहेरीपलीकडच्या एका जंगलगावातून आलेली एक गोंडाची पोर. लहान चणीची, पाठीवर गोंदलेलं दिसायचं, मराठी अडखळत बोलायची. गटापुढं तीन दगड मांडले, त्यावर एक मोठा गंज, म्हणजे पातेलं, आणि शेजारी वरणासाठी लहान पातेलं. तांदूळ, तुरीची डाळ, मीठ, पळसाची पानं, थोडी लाकडं आणि काडीपेटी ठेवली. प्राध्यापक म्हणाले, "सगळ्यांनी मिळून रांधायचं आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. कोणी काय करायचं ते आम्ही सांगणार नाही. आम्ही फक्त बघणार." आणि ते खुर्ची टाकून बसले. अशा वेळी पुढाकार कोण घेतं ते दिसतं, असं त्यांनी आम्हाला कौतुकानं समजावलं. फौजेत अधिकारी असेच निवडतात म्हणे.

फौजेत कसं असतं ते मला माहीत नाही. तिथं चूल कोण पेटवतो कोण जाणे. इथं ती कोणीच पेटवेना.

"तुम्ही करा ना बाई."

"नाई, तुम्ही मोठ्या हा, तुम्हीच करा."

"मले का येते एवढ्या जणांचं. ह्या करतीन."

मग विचारपूस सुरू झाली. तुमचं माहेर कोणतं? कोणत्या मोहल्ल्यात घर? तिथल्या पाटलाकडं तुम्ही कोण लागता? तुमच्याकडं लग्नात कोणता बामन येतो? बाया एकमेकींकडं हसून बघत होत्या, माना हलवत होत्या. प्राध्यापकांचा चेहरा खुलला. ते शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "बघा, किती सहज ओळखी करून घेतायत. फार बोलका समाज आहे."

ओंडक्यावरच्या आम्हा पुरुषांना माहीत होतं काय चाललंय ते. जात थेट विचारायची नसते, म्हणून ती माहेराच्या आडून, मोहल्ल्याच्या आडून काढायची. शिजलेला भात ज्याच्या हातचा, त्याच्या हातचं आपल्याला चालतं का, एवढाच प्रश्न होता. आणि त्या गोलात अशी एकही बाई नव्हती जिच्या हातचं बाकी सगळ्यांना चाललं असतं. एकीला जिच्या हातचं चाललं असतं, तिच्या हातचं दुसरी खाणार नव्हती, आणि खायचं तर सगळ्यांनीच होतं. प्राध्यापकांनी सहज मांडलेला तो खेळ आमच्या मुलुखात सुटणारच नव्हता.

हळूहळू माहेरं संपली. दुसऱ्या गटाकडून धुराचा वास आला. त्या गटात सगळ्या एका जातीच्या निघाल्या होत्या, नशीब त्यांचं. इथं गंज रिकामा, दगड थंड. ऊन शेडच्या पायरीवरून अंगणात सरकलं. प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं, कारकुनापाशी ते काहीतरी पुटपुटले, कारकुनानं तोंड वाकडं केलं. मला कळलं, सगळ्याच जणी बाद होणार. बाईसुद्धा. मी खोकलो. बाईनं माझ्याकडं पाहिलं नाही. मामा खोकले, तशी त्यांची भाची चुलीपासून थोडी मागं सरकून बसली.

गोंडाची पोर चुलीच्या सर्वांत जवळ होती. तिनं कधीच लाकडांतली सुकी लाकडं वेगळी केली होती, पळसाची पानं शिवायला काड्याही काढून ठेवल्या होत्या. पण काडीपेटीला हात लावत नव्हती. बाई बराच वेळ तिच्याकडं बघत होती.

"तू काऊन नाई पेटवत?" बाईनं विचारलं.

पोरीनं मान वर केली नाही. "मी पेटवली तं तुम्ही खाल का?"

ओळखीपाळखीच्या आड जे लपवलं होतं ते त्या पोरीनं एका वाक्यात उघडं मांडलं. प्राध्यापक खुर्चीत पुढं झाले. त्यांना आत्ता कुठं वास लागला होता.

बाई म्हणाली, "पेटव. मी खाते."

माझ्या शेजारी मामा उभे राहिले. "का बोलून राह्यली थे? ऐकलं का तू? भान हाय का तिले?"

मी ऐकलं होतं. आणि पुढं काय काय होईल तेही मला दिसत होतं. मामा पंचांत. आज जे झालं ते आमच्या आधी पोंभुर्ण्याला पोचणार. जातीतून पाणी बंद. धान मळायला कोणी येणार नाही, मयतीला खांदा मिळणार नाही, माझी पोरगी अजून रांगत होती पण तिच्याकडंही उद्या कोणी बघणार नाही. आणि इतकं होऊन बाईची निवड झाली नाही तर? ना घरची ना घाटाची अशी तिची गत. ओरडून तिला थांबवावं असं मनात आलं. आवाज निघाला नाही. त्याला मी नंतर बरेच दिवस धीर म्हणत होतो. बायकोनं ते नाव बदललं.

काडी ओढली गेली. सुकी लाकडं धडधडली. आणि चूल पेटल्याबरोबर बाकीच्या बायांना एकदम कामं सुचली. एकीनं डाळ निवडायला घेतली. डाळ निवडायला जात लागत नाही. एकीनं पानं शिवली. मामांची भाची मात्र मागंच बसून राहिली, एकदा चुलीकडं, एकदा मामांकडं बघत. कधीतरी तिचा हात पानांकडं गेला होता. मामा खोकले, हात परत मांडीवर आला.

भात झाला, म्हणजे झाला असं म्हणायची वेळ झाली. पोरीनं पत्रावळीवर वाढला, वर वरण ओतलं. सगळ्या बघत होत्या. बाई मांडी घालून बसली आणि शेतावरून आल्यावर जेवायची तशीच जेवायला लागली. दुसऱ्या घासाला मीठ मागून घेतलं. मग पलीकडची एक बसली, मग आणखी एक. दोघी बसल्या नाहीत.

आता संपलं असं मला वाटलं. तेवढ्यात प्राध्यापक आमच्याकडं वळले.

"त्या बाईंच्या घरचं कोण आहे?"

"मी," मी म्हणालो. फार हळू म्हणालो असणार, कारण मामांना ते परत मोठ्यानं सांगावं लागलं. "हा हाय. भाऊ हाय तिचा. कर्ता."

"असं बघा," प्राध्यापक म्हणाले, "या नोकरीत त्यांना कोणत्याही घरात, कोणत्याही चुलीपाशी बसावं लागेल. मागच्या खेपेला एका बाईला घरचे अर्ध्या शिक्षणातून उचलून घेऊन गेले. जागा वाया गेली. म्हणून मला घरच्या माणसाचंही बघावं लागतं. आज त्यांनी जे केलं ते तुम्हाला चालतं का?"

माझ्या आयुष्यात कोणी माझा स्वभाव इतक्या गंभीरपणे विचारला नव्हता. मी तयारी केलेलं एकच उत्तर माझ्याजवळ होतं.

"मी अंतर्मुख आहे साहेब," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं मी," ते म्हणाले. "जेवता का तिथं बसून?"

मामांनी माझं मनगट धरलं. "नाई जेवत तो. साहेब, हा आमच्या घरचा हाय. जेवाचा नाई."

"त्यांना बोलू द्या."

बाई जेवायची थांबली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत काकुळत असती तर मला बरं वाटलं असतं, मी भाऊपणाला जागलो असतो. पण ती नुसती बघत होती, सकाळी तिनं शाईचा डाग पाहिला असेल तशी. जे असेल ते दिसेल, त्यात आणखी काही घालायचं नाही.

मी मनगट सोडवलं. चुलीपर्यंतची वाट फार मोठी नव्हती, पण माझे पाय असे पडत होते की बघणाऱ्याला वाटावं याच्या चपलेत काटा आहे. बसलो. पोरीनं पान पुढं केलं. तिनं आधी सोडलं, मी उशिरा धरलं, आणि थोडा भात मातीत सांडला. सगळ्यांच्या देखत मी घास घेतला, आणि शूरपणा दाखवायच्या नादात इतका मोठा घेतला की तो ना आत जाईना ना बाहेर येईना. भात कच्चा होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मला जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं.

"पाहा," मामा ओंडक्यावरून म्हणाले, "जात अटकली नरड्यात."

कारकून हसला, बाया हसल्या, ती गोंडाची पोर तोंडावर हात धरून हसली. बाईनं माझ्या पाठीत एक रट्टा हाणला. "हळू खाय बापा. कोणी नेत नाई तुह्या पानातलं." घास खाली गेला. मग मी सगळं पान संपवलं, कारण उठून मामांकडं परत जायची हिंमत नव्हती.

ऊन उतरल्यावर नावं वाचली. बाईचं नाव होतं. मामांच्या भाचीचं नव्हतं. गोंडाच्या पोरीचंही नव्हतं, तिचं वय कमी पडलं. प्राध्यापकांनी तिला पुढच्या वर्षी ये म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षीपर्यंत तिचं लग्न झालं असं नंतर ऐकलं. बाईला ते फार लागलं होतं. पण त्या संध्याकाळी बाई तिच्याशी बोलत नुसती बसली होती, आणि मामा भाचीला पुढं घालून मिळेल त्या पहिल्या ट्रकनं निघाले होते.

घरी पोचलो तेव्हा बातमी आमच्या आधी येऊन ओसरीवर बसली होती. बायकोनं हातपाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "कसा होता भात?"

"कच्चा."

"मंग तं जातही गेली अन् पोटही दुखन," ती म्हणाली. पण तिचा चेहरा उतरलेला होता. शेजारचा तिरसट म्हातारा आमच्या अंगणातून जायचा तो आता वळसा घालून जाऊ लागला. खळ्यावर आम्ही तिघंच धान मळत होतो. कोणी भांडलं नाही, काही बोललं नाही, फक्त कोणी येईना. बाईला शिक्षणाला जायला होळी उजाडायची होती, आणि माघ त्याच्या आधी होता. पंच आमच्यावर रागावलेले, दीर गाडी घेऊन येणार, आणि अडवायला गावातलं एक माणूस आमच्या बाजूनं उभं राहायचं नाही. बायको रोज सकाळी वेशीकडं बघायची. मी बघत नव्हतो. मी ऐकत होतो. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला की हातातलं काम सुटायचं, आणि आमच्या गावात कोणत्या बैलाच्या गळ्यात घुंगरू नव्हतं?

एक दिवस ती गाडी आली. भरदुपारी. दीर आणि त्याच्याबरोबर दोघं, हातात काठ्या. गाडी फाटकाशी उभी राहिली. मी ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिलो. खांबाला आधार द्यायला नव्हे.

"पाठवा तिले," दीर बाहेरूनच म्हणाला.

"तिची नोकरी लागली," मी म्हणालो. "ती येणार नाही."

"आमच्या घरची बाई हाय. नोकरी आमी नाई सांगतली." तो फाटक ढकलून आत आला. त्याच्या मागं दोघं. मला माझ्या अंगणात मी पाहुणा असल्यासारखं वाटायला लागलं. बायकोनं पोरीला उचलून आत नेलं.

तेवढ्यात बाई बाहेर आली. डोक्यावरून पदर, हातात पाण्याचा गडवा. ती माझ्या शेजारून खाली उतरली, अंगणात दिरापुढं जाऊन उभी राहिली आणि गडवा पुढं केला.

"उन्हातून आले भाऊजी. पाणी घ्या."

पाहुणा दारात आला की आधी पाणी. तो घेतो, मग पुढचं बोलणं. दिराचा हात सवयीनं अर्धा वर आला, आणि तिथंच थांबला. मागच्या दोघांकडं त्यानं पाहिलं. ते दोघं गडव्याकडं बघत होते. आलापल्लीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण तिच्या हातचं घ्यायची वेळ त्यांच्यावर आत्ताच आली होती. ज्या बाईच्या हातचं पाणी घेता येत नाही तिला घरात नेऊन करायचं काय? रांधायची ती, वाढायची ती, पोरांच्या तोंडात घास घालायची ती. त्यासाठीच तर न्यायची होती.

बाईनं हात मागं घेतला नाही. "घ्या ना. विहिरीचं हाय. गार हाय."

बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली. दिराच्या कपाळावर शीर उभी राहिलेली मला दिसत होती. मला वाटलं, आता हा हात गडव्यावर नाही, तिच्यावर पडणार. मी खांब सोडला. खरंच सोडला, बायको साक्षीला आहे.

पण त्यानं हात खाली घेतला. धोतराला पुसला, जणू तो ओला झाला होता. "बाटली थे," तो त्या दोघांना म्हणाला. "आपल्या कामाची नाई राह्यली." आणि वळला. फाटक त्यानं उघडंच टाकलं.

गाडी वेशीपलीकडं जाईपर्यंत बाई तशीच उभी होती. मग गडवा तोंडाला लावून तिनं सगळं पाणी स्वतः पिऊन टाकलं. गळ्यावरून ओघळलं, पदर भिजला.

होळीनंतर ती गेली. पुढं एटापल्लीकडं, मग अहेरीकडं, कितीतरी गावांत तिनं नोकरी केली. आमचं पाणी बरेच दिवस बंद राहिलं. शेवटी जातीला जेवण घालून आम्ही सुटलो. त्या जेवणाला यायला बाईला रजा मिळाली नाही, किंवा तिनं मागितली नाही. मामांची भाची त्या पंगतीत वाढत होती. माझ्या पानाशी आल्यावर तिनं विचारलं, "तवा भात कसा लागला होता?" मी कच्चा म्हणालो. ती म्हणाली, "मले लय भूक लागली होती त्या दिवशी," आणि पुढच्या पानाकडं गेली.

मी आता पन्नाशी ओलांडलेला, घरात गोष्टी सांगणारा माणूस आहे. पोरं मला विचारतात, आत्यानं ते आलापल्लीलाच ठरवलं होतं का? निवड झाली तर नोकरी, नाही झाली तरी दीर हात लावणार नाही, अशी दोन्हीकडून सोडवणूक तिनं त्या थंड चुलीपुढं बसून पाहिली होती का, की त्या पोरीची मान खाली गेलेली बघवली नाही म्हणून बोलून गेली? मला सांगता येत नाही. प्राध्यापकांनी तिच्या नावापुढं काय लिहिलं होतं तेही मला माहीत नाही. एकदा अहेरीला तिच्या खोलीवर गेलो असताना मी सरळ विचारलं. ती भात वाढत होती.

"मालूम होतं का तुले तवा, थे पाणी नाई घेणार म्हणून?"

"जेव आधी," ती म्हणाली. "अन् घास लहान घेजो."